अपडेट केलं खरं, पण कुठून? सांगलीतल्या एका घराचं प्रकरण

ऑगस्ट २०२४ मधली ही गोष्ट. घर सांगलीतलं आणि माणसं ओळखीची, त्यामुळे नावं, नाती आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या, बँक, इंटरनेट देणारा, कोणाचंच नाव दिलेलं नाही. तांत्रिक भाग मात्र घडला तसाच ठेवलाय, त्यात माझी चूकही आली. मी या भागात संगणक दुरुस्ती आणि घरगुती नेटवर्कची कामं करतो.

पार्श्वभूमी

खालच्या मजल्यावर अण्णा (वय ७१, जिल्हा परिषदेतून निवृत्त) आणि काकू (६६). मुलगा आणि सून पुण्यात, दोघंही आयटीत. वरच्या दोन खोल्यांत नर्सिंग शिकणाऱ्या दोन मुली भाड्यानं राहतात. वायफाय सगळ्यांचं एकच. त्याचा पासवर्ड जिन्याखालच्या मीटरच्या पेटीवर खडूनं लिहिलेला, आल्यागेल्याची सोय म्हणून.

२०१६ मध्ये शेजारच्या गल्लीत घरफोडी झाली आणि अण्णांनी चार कॅमेरे बसवून घेतले. प्रकरणाचं मूळ तिथे आहे, म्हणून हे जरा नीट सांगतो. मुलाला पुण्यातून कॅमेरे बघायचे होते. त्यासाठी कॅमेरेवाल्यानं नेटवाल्याकडून महिन्याला जास्तीचे पैसे भरून स्थिर आयपी पत्ता घ्यायला लावला, म्हणजे घराला इंटरनेटवर कायमचा एक नंबर मिळाला. नवा राउटर बसवून बाहेरून येणारी वाट थेट डीव्हीआरपर्यंत, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्यापर्यंत, उघडून दिली. आणि 'काही अडलं तर दुकानातूनच बघतो, तुम्हाला हेलपाटा नको' म्हणत राउटरचं रिमोट मॅनेजमेंटही, म्हणजे बाहेरून त्याची सेटिंग बदलायची सोय, चालू ठेवलं. राउटरचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच, 'ॲडमिन'. डीव्हीआरचा '१२३४५'. कॅमेरेवाला वाईट माणूस नव्हता. तेव्हा असंच बसवायचे. मीही बसवलंय.

बाकी घरात काय होतं? २०१३ चा विंडोज ७ वाला लॅपटॉप, एक स्मार्ट टीव्ही, अण्णांचा बऱ्यापैकी नवा फोन आणि काकूंचा २०१८ मध्ये घेतलेला फोन. काकूंच्या फोनमध्ये १६ जीबी जागा, त्यातली बहुतेक सुप्रभातच्या फुलांनी आणि भजनी मंडळाच्या रेकॉर्डिंगनी भरलेली. अपडेटची सूचना यायची, 'जागा अपुरी' म्हणून परत जायची. पुढे सूचना येणंही थांबलं. काकूंना वाटलं, कटकट गेली. खरं तर कंपनीनं त्या मॉडेलला सुरक्षा अपडेट देणंच बंद केलं होतं. फोनमध्ये शेवटची तारीख मार्च २०२० ची दिसत होती.

चालतंय ना, मग कशाला हात लावायचा, हा आपल्या घरातला यंत्रांबद्दलचा जुना नियम. पंखा-मिक्सरपुरता तो बरोबरही आहे. पंखा दहा वर्षं जुना झाला म्हणून त्याला नवीन शत्रू निर्माण होत नाहीत. राउटरला होतात.

काय घडलं

एका दुपारी विहीणबाईंचा काकूंना फोन आला. "अहो, तुमच्याकडून पार्सलचा मेसेज आलाय, पत्ता अपुरा आहे म्हणून लिंक दाबा म्हणतोय. कसलं पार्सल पाठवलंत?" काकूंनी काहीच पाठवलं नव्हतं. तासाभरात भाच्याचा फोन, मग मंडळातल्या दोघींचा. संध्याकाळी काकूंच्या स्क्रीनवर मोबाइल कंपनीची चौकट उमटली: आजचे १०० पैकी १०० एसएमएस वापरून झाले. काकूंनी आयुष्यात शंभर एसएमएस पाठवले नसतील.

अण्णांनी मला बोलावलं. "अरे, हिचा फोन बिथरलाय. ये आणि फॉरमॅट मारून टाक."

पहिली भेट

मी फोन हातात घेतला. क्रोमसारखं चित्र असलेली दोन ॲप होती. त्यातल्या एकाला एसएमएस वाचण्याची, पाठवण्याची आणि संपर्क बघण्याची परवानगी होती. एवढंच नाही, फोनचं मुख्य एसएमएस ॲप म्हणूनही त्यालाच नेमलेलं होतं. म्हणजे येणारा प्रत्येक ओटीपी आधी त्याच्या हातात.

"काकू, हे कुठून घेतलंत?"

"मी कुठून घेणार? पंचांग बघत होते, तिथेच आलं. क्रोम जुनं झालंय, अपडेट करा म्हणून. मोडक्यातोडक्या हिंदीत होतं. केलं." मग जरा चिडून, "हाच म्हणतो ना दर रविवारी फोनवर, आई अपडेट करत जा, आई अपडेट करत जा. मग केलं."

इथे मी हसलो होतो, नंतर त्याचं वाईट वाटलं. त्या घरात आठ वर्षांत एकच अपडेट कोणीतरी मनापासून केलं होतं आणि ते खोटं होतं. मुलानं सल्ला अर्धाच दिला होता. अपडेट कर, हे सांगितलं. ते येतं कुठून, हे सांगितलं नव्हतं. क्रोमचं अपडेट प्ले स्टोअरमधून येतं, फोनचं सेटिंगमधून. कुठलीही वेबसाइट बघता बघता 'अपडेट करा' म्हणाली तर ते खोटं, इतकं साधं वाक्य कोणी त्यांना कधी म्हटलं नव्हतं. फोनच्या कुलपानंही साथ दिली नाही, कारण बाहेरची ॲप घ्यायची परवानगी क्रोमला आधीच दिलेली होती. वर्षभरापूर्वी मंडळातल्या कोणीतरी हरिपाठाचं ॲप एका साइटवरून उतरवून घ्यायला सांगितलं होतं, तेव्हाची.

मी फोन फॅक्टरी रीसेट केला, काकूंचं खातं परत जोडून दिलं, वायफाय लावलं, चहा घेतला आणि निघालो. पाऊण तासाचं काम.

तीन दिवसांनी काकूंचा फोन. "ते परत आलंय रे. क्रोम जुनं झालंय म्हणतंय. या वेळी हात नाही लावला मी."

दुसरी भेट

रिकाम्या, धुतलेल्या फोनवर तेच पान पुन्हा येतं म्हणजे रोग फोनमध्ये नाही. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. काकूंच्या फोनचं वायफाय बंद केलं, मोबाइल डेटावर तेच पंचांग उघडलं: पान स्वच्छ. वायफाय चालू केलं: अपडेट करा. लॅपटॉपवर तीच साइट उघडली: जुगाराच्या जाहिराती. लॅपटॉपवर काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) ipconfig /all ही आज्ञा चालवली तर डीएनएस सर्व्हरच्या ओळीत राउटरचा १९२.१६८.१.१ नव्हता, नेटवाल्याचाही नव्हता. परदेशातल्या कुठल्याशा होस्टिंग कंपनीकडचा नंबर होता.

डीएनएस म्हणजे काय ते अण्णांना मी असं सांगितलं. तुम्ही नव्या गावात गेलात, नाक्यावरच्या टपरीवाल्याला विचारलं, पाटील सर कुठे राहतात? तो हात करून घर दाखवतो. इंटरनेटवर नावं माणसांसाठी असतात, यंत्रांना नंबर लागतो आणि नावावरून नंबर सांगणारा हा टपरीवाला. तुमच्या राउटरमध्ये शिरून कोणीतरी टपरीवाला बदलला. नवा माणूस दहातल्या नऊ जणांना बरोबर पत्ता सांगतो, म्हणून कोणाला संशय येत नाही. दहाव्याला तो आपल्या साथीदाराच्या दारात नेऊन सोडतो.

"आणि बँकेचं?" अण्णांनी विचारलं. बँकेच्या साइटला कुलपाची, म्हणजे प्रमाणपत्राची, खूण असते. पत्ता चुकीचा मिळाला तरी ती खूण बनावट दारावर जुळत नाही आणि ब्राउझर मोठी लाल सूचना देतो. पंचांगाची साइट जुन्या पद्धतीची, बिनकुलपाची होती, म्हणून तिथे खोटं पान बिनबोभाट शिरलं.

ही सूचना घरात कोणाला दिसली होती का? वरच्या मुलींना विचारलं. एक म्हणाली, "हो, तीन आठवडे झाले. 'तुमचं कनेक्शन खाजगी नाही' असं येतं. मी बँकेचं काम मोबाइल डेटावर करते." सांगितलं का नाही? "घरमालकांचं वायफाय आहे, तक्रार कशी करणार?" ही संकोचाची तीन आठवड्यांची किंमत मला या प्रकरणात सर्वात महाग वाटते.

राउटर उघडला. आतलं सॉफ्टवेअर २०१६ चं. कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलसाठी २०१८ ची सुधारित आवृत्ती होती आणि तिच्या टिपणात 'सुरक्षेतली त्रुटी दुरुस्त केली' अशी एक ओळ. भोक बुजवायचं सामान सहा वर्षं दुकानाच्या फळीवर पडून होतं. राउटरला बोलता येत नाही, त्यानं सांगितलं नाही आणि घरात ते बघणं कोणाचंच काम नव्हतं. चोर या भोकातून आला की 'ॲडमिन' पासवर्डनं पुढच्या दारातून, हे मी आजही सांगू शकत नाही. राउटरच्या नोंदी वीज गेली की पुसल्या जातात आणि पावसाळ्यात सांगलीत वीज किती वेळा जाते ते सांगायला नको.

हा प्रकार नवा नाही

अण्णांना वाटलं कोणीतरी त्यांच्यावर डाव धरला. तसं नव्हतं. असे हल्ले यंत्रं करतात, इंटरनेटवरचे नंबर एकामागून एक ठोठावत.

डीएनएस बदलायची युक्ती तर जुनीच. डीएनएसचेंजर नावाचा घातक प्रोग्रॅम पसरवणाऱ्या टोळीनं ती संगणकांवर वापरली. २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेच्या कारवाईत एस्टोनियातली माणसं पकडली गेली तेव्हा सुमारे ४० लाख संगणक त्यांच्या टपरीवर पत्ते विचारत होते. टपरी एकदम बंद केली तर लाखोंचं इंटरनेट बंद पडेल, म्हणून न्यायालयाच्या परवानगीनं तिच्या जागी चांगले सर्व्हर बसवून ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले. आमच्या प्रकरणाशी सर्वात जवळचा नमुना २०१८ मधला: कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीनं 'रोमिंग मँटिस' नावानं नोंदवलेल्या हल्ल्यात राउटरचं डीएनएस बदलून अँड्रॉइड फोनवर क्रोम किंवा फेसबुकच्या नावाचं खोटं ॲप उतरवायला लावत. काकूंच्या फोनमधलं ॲप त्याच कुळातलं होतं का, हे तपासायला ॲप शिल्लक ठेवायला हवं होतं. मी ते पुसलं होतं.

आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर? २०१६ मध्ये, म्हणजे अण्णांनी कॅमेरे लावले त्याच वर्षी, मिराई नावाच्या प्रोग्रॅमनं कारखान्याचे पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर गोळा करून फौज उभी केली. २१ ऑक्टोबरला तिनं अमेरिकेतल्या डाइन या डीएनएस कंपनीवर हल्ला चढवला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येकांना तासन्‌तास उघडेनात.

पर्याय काय होते

रविवारी मुलगा पुण्याहून आला आणि बैठक बसली. ती सोपी झाली नाही.

अण्णांचं म्हणणं, तो डीएनएसचा नंबर बदल, पासवर्ड बदल, झालं. उगाच अपडेटच्या नादी लागू नकोस. आणि त्यांच्याकडे पुरावा होता. महिन्यापूर्वीच, १९ जुलैला, क्राउडस्ट्राइक या संगणक सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरचे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले होते. आपल्याकडे विमानतळावर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले, ते पेपरात आलं होतं. "अपडेट केलं म्हणून बंद पडले ना ते?" मुलानं वर भर घातली. २०१७ मध्ये नॉटपेट्या हा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या खऱ्या अपडेटमधूनच पसरला आणि त्यात मर्स्क या जहाज वाहतूक समूहाकडं असलेलं न्हावा शेव्याचं टर्मिनलही ठप्प झालं.

दोघांचंही खरं होतं आणि मी ते मान्य केलं. अपडेट म्हणजे गंगाजल नव्हे. पण नॉटपेट्या एका संगणकावरून दुसऱ्यावर ज्या भोकातून उड्या मारत गेला, त्यातलं एक मायक्रोसॉफ्टनं मार्च २०१७ मध्येच बुजवलं होतं, हल्ल्याच्या तीन महिने आधी. एखादं वाईट अपडेट दिवस-दोन दिवस त्रास देतं. न केलेलं अपडेट सहा वर्षं गप्प बसतं. घरासाठी मी एक तडजोड सांगतो: फोनची आख्खी आवृत्ती बदलणारं मोठं अपडेट आठ-पंधरा दिवस थांबून घ्या, दर महिन्याचं सुरक्षेचं अपडेट आलं की घ्या.

राउटरसाठी तीन वाटा होत्या. एक, आहे त्याची सेटिंग दुरुस्त करणं. फुकट, पण भोक उघडंच. दोन, २०१८ ची आवृत्ती टाकणं. तेव्हाचं भोक बुजेल, पण २०१८ नंतरच्या भोकांचं काय? कंपनीनं हे मॉडेल सोडून दिलं होतं. शिवाय अपडेट चालू असताना वीज गेली तर राउटरची वीट होते, म्हणजे तो कायमचा निकामी होऊ शकतो. तीन, नवा घेणं, २,४०० रुपये. अण्णा रुपये म्हणून नव्हे, तत्त्व म्हणून अडले: "चालणारी वस्तू टाकायची?"

इथे काकू मध्ये बोलल्या. "गॅसची नळी नाही का आपण बदलत? ती पण चालूच असते." गॅसच्या नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी एजन्सीवाला बदलायला सांगतो आणि कोणी वाद घालत नाही. राउटरच्या पोटावर वॉट छापतात, व्होल्ट छापतात, तारीख नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून असा कायदा आहे की घरगुती स्मार्ट वस्तूला सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत देणार ते विकणाऱ्यानं सांगायचं, आणि सगळ्या डब्यांना एकच सोपा पासवर्ड चालायचा नाही. आपल्या दुकानात मात्र ते स्वतः विचारावं लागतं, आणि विचारलं की काउंटरवरचा मुलगा रॅम किती आहे ते सांगतो.

डीव्हीआरवरून बापलेकांत जुंपली. बिननावाचा डबा, अपडेट कुठेच मिळत नव्हतं. मुलाला पुण्यातून दिसणं बंद करायचं नव्हतं. अण्णा म्हणाले, "चोर पकडायला लावलेत कॅमेरे. तुला आमचं अंगण बघायला नाही." विषय संपला.

लॅपटॉप हा सगळ्यात नाजूक. विंडोज ७ ला कंपनीकडून अपडेटं मिळणं १४ जानेवारी २०२० ला संपलेलं. विंडोज १० टाकता आलं असतं, पण त्याचीही मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे जाहीर होतं आणि ४ जीबीचा लॅपटॉप त्याखाली धापा टाकणार. लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीचा, पर्याय मी ठेवला. अडचण वेगळीच निघाली: अण्णा पतसंस्थेचे इतिवृत्तांत जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करतात, बोटांना तोच कळफलक बसलाय आणि ते सॉफ्टवेअर दुसरीकडे चालत नाही. वीस वर्षांची मजकुराची फाइल त्यात. युनिकोड (सगळ्या यंत्रांवर चालणारी आजची टायपिंगची पद्धत) शिका, हे ७१ वर्षांच्या माणसाला सांगायला मी धजावलो नाही.

काय केलं, आणि कोणत्या क्रमानं

क्रम महत्त्वाचा, कारण पहिल्या वेळी मी तो उलटा धरला होता.

आधी राउटर. नवा घेतला, आणि दुकानात मुलानं कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं शेवटचं अपडेट कधी आलंय ते बघूनच पैसे दिले. इन्व्हर्टरच्या प्लगवर लावून पहिलं अपडेट घेतलं. पासवर्ड बदलला, रिमोट मॅनेजमेंट बंद, डब्ल्यूपीएस (पासवर्डाशिवाय, बटण किंवा पिननं वायफाय जोडायची सोय) बंद, डीव्हीआरकडे जाणारी वाट बंद. स्थिर आयपी नेटवाल्याला सांगून काढून टाकला. महिन्याचे तेवढे पैसे वाचले. टीव्ही आणि वरच्या मुलींसाठी पाहुण्यांचं वेगळं वायफाय. मीटरपेटीवरचा खडू पुसला.

डीव्हीआरची नेटवर्कची वायर काढली. रेकॉर्डिंग चालूच आहे, बघायचं तर घरच्या टीव्हीवर. लॅपटॉपचं वायफाय कार्ड बंद केलं. टायपिंग होतं, पीडीएफ पेन ड्राइव्हनं अण्णांच्या फोनवर जाते आणि तिथून पुढे. पेन ड्राइव्ह हाही धोका आहेच, म्हणून तो त्या दोन यंत्रांबाहेर कुठे लावायचा नाही असं ठरलं. हे ठरणं किती टिकेल, मला शंका आहे.

मग फोन. काकूंसाठी नवा घेतला, १३ हजारांच्या आसपास. तोवर महागड्या फोनना सात वर्षं अपडेट देण्याची आश्वासनं सुरू झाली होती. या किमतीत चार वर्षांचं लेखी आश्वासन देणारा मिळाला. जुना फोन पुन्हा रीसेट करून सिमशिवाय, वायफायशिवाय भजनं ऐकायला ठेवला.

आणि सगळ्यात शेवटी पासवर्ड. ते बदलायचे ते स्वच्छ फोनवरून, मोबाइल डेटावर. राउटर विषारी असताना पासवर्ड बदलणं म्हणजे चोर घरात असताना नवी किल्ली करून टेबलावर ठेवणं. अण्णा काकूंना घेऊन बँकेत गेले, कार्डाचा पिन बदलला, खात्याच्या नोंदी तपासल्या. काकूंच्या नंबरावर नेट बँकिंग किंवा यूपीआय नव्हतं, म्हणून पैसे गेले नाहीत. गेले असते तर १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या क्रमांकावर लगेच फोन करायचा आणि बँकेला लेखी कळवायचं, हे कागदावर लिहून फ्रिजला लावलं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाची जबाबदारी किती, हे तेव्हा किती कामकाजाच्या दिवसांत कळवलं यावर बरंच ठरत होतं. तीन दिवसांच्या आत कळवणं केव्हाही चांगलं.

ज्यांना पार्सलची लिंक गेली त्या सगळ्यांना काकूंनी स्वतः फोन केले. दोन दिवस लागले. भाच्यानं लिंक दाबली होती, पण त्याच्या नव्या फोननं ॲप घ्यायला नकार दिला.

निष्पत्ती

गणपती झाल्यावर सप्टेंबरच्या शेवटी मी सहज डोकावलो. राउटरमध्ये आपोआप अपडेट चालू ठेवलं होतं, वेळ पहाटे तीन. एकही अपडेट झालेलं नव्हतं, एक येऊन थांबलेलं होतं. कारण? अण्णा रोज रात्री दहाला भिंतीवरच्या बटणानं राउटर बंद करतात. वीज वाचते. मी वेळ बदलून दुपारी दोन केली. तेव्हा अण्णा झोपलेले असतात आणि राउटर जागा असतो. पुस्तकात असलं काही लिहिलेलं नसतं.

फोनची जबाबदारी काकूंनी घेतली आणि दिवसही त्यांनीच शोधला: संकष्टी. अँड्रॉइडची सुरक्षा अपडेटं महिन्याची, मायक्रोसॉफ्टची दुसऱ्या मंगळवारची, काकूंची चतुर्थीची. "चंद्रोदयापर्यंत जेवायला थांबायचंच असतं, तेवढ्यात दोन्ही फोन चार्जिंगला लावून बघते." सेटिंगमध्ये जाऊन तारीख बघायची, प्ले स्टोअरमध्ये जाऊन ॲप बघायची. अण्णांचा फोनही त्याच बघतात. डिसेंबरात गेलो तेव्हा दोन्ही फोन ताज्या महिन्यावर होते.

वरच्या मुलींपैकी एकीनं ऑक्टोबरात जिन्यातूनच हाक मारून विचारलं होतं, "काका, वायफायवर काहीतरी वेगळं येतंय, बघाल का?" निघालं काहीच नाही, रिचार्ज संपलेला होता.

पुन्हा करायचं तर

पहिल्या भेटीत फोन पुसण्याआधी मी वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघायला हवं होतं. दोन मिनिटांची तपासणी. ती केली असती तर राउटर तीन दिवस आधी सापडला असता. त्या तीन दिवसांत वरच्या मुली, टीव्ही, लॅपटॉप सगळे त्याच टपरीवर पत्ते विचारत राहिले.

पुसण्याआधी खोट्या ॲपचं नाव, परवानग्यांची पानं, पाठवलेल्या एसएमएसची यादी यांचे फोटो काढून ठेवायला हवे होते. पैसे गेले नव्हते म्हणून चाललं. गेले असते तर सायबर पोलिसांना दाखवायला आमच्याकडे काकूंच्या शब्दाशिवाय काही नव्हतं. राउटरचंही तेच; बदललेल्या डीएनएसच्या पानाचा फोटो मी दुसऱ्या भेटीत काढला तेवढाच.

आणि रेकॉर्डिंग. चॅटची प्रत खात्यावर होती, ती परत आली. मंडळातल्या एका आजीबाईंच्या आवाजातले अभंग मात्र फोनच्या वेगळ्या रेकॉर्डरमध्ये होते, त्यांची प्रत कुठेच नव्हती. मी विचारलंच नाही, अण्णा 'फॉरमॅट मार' म्हणाले आणि मी मारलं. फोन काकूंचा होता. विचारायचं काकूंना होतं. त्या आजीबाई आता गात नाहीत. काकू याबद्दल मला एक शब्द बोललेल्या नाहीत.

राउटर बदलण्याचा निर्णय मी पुन्हा तसाच घेईन. लॅपटॉपचा कदाचित नाही. नेट तोडून ठेवलेला संगणक हा सांभाळलेला संगणक नव्हे, एवढं अण्णांना अजून थोडं पटवायला हवं होतं, निदान जुन्या फाइली युनिकोडमध्ये उतरवायचं काम तरी सुरू करायला हवं होतं.

एक गोष्ट माझ्या हाताबाहेर राहिली. भिंतीवर नेटवाल्याचा फायबरचा डबा आहे. तो त्यांच्या मालकीचा, पासवर्ड त्यांच्याकडे, आतलं सॉफ्टवेअर कधीचं ते मला दिसत नाही. मी दोनदा फोन करून विचारलं, हा डबा अपडेट कोण करतं? पहिल्यानं सांगितलं, ऑफिसमधून होतं. दुसऱ्यानं विचारलं, नेट चालू आहे ना?